तांदळात लिहिलेलं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

म्हणे ही ती बाई नव्हेच! पोरगी धडधडीत समोर उभी, खांद्याला पर्स, कपाळाला टिकली – आणि तो चष्मेवाला बाबू मान वर न करता म्हणतो, "अम्मा, कागज में ये दो अलग औरतें हैं."

मी म्हटलं, दोन असत्या तर एक तुझ्याकडे ठेवून गेले असते, टेबल पुसायला. मराठी कळलं नाही त्याला. मग हिंदीत सांगितलं. ते बरोबर कळलं. लाल झाला.

वर श्री लिहायचं राहिलं. राहू दे. आज डोकं ठिकाणावर नाही हे देवालाही दिसतंय.

आता पहिल्यापासून लिहिते. राग आला की माझं मागचं पुढे होतं.

गरिमा माझी नातसून, उत्कर्षची बायको. आमच्या वॉर्डात अंगणवाडीची जागा निघाली. बारावी पास पाहिजे, राहणारी इथलीच पाहिजे. हिचे मार्क सगळ्यांत जास्त, कच्च्या यादीत पहिली आली. दोन नंबरवर मागच्या गल्लीतली हर्षिता. तिच्या काकानं आपत्ती, म्हणजे हरकत टाकली – मार्कशीट कुणा तन्वी जगदाळेची, आधार गरिमा भोइटेचं, म्हणजे हिनं दुसरीची मार्कशीट लावली!

चोर ठरवलं मेल्यानं. आमच्या घरातल्या बाईला!

अरे, लग्नाआधी ती तन्वीच होती. शिवपुरीच्या जगदाळ्यांची. आमच्याकडे आली, गरिमा झाली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. आमच्यात असंच होतं. बाबूला म्हटलं, इतक्या पिढ्या मराठे या ग्वाल्हेरात राहतात, तुम्हाला एवढंही माहीत नाही?

तर म्हणतो, "सरनेम तो सबका बदलता है अम्मा. पूरी की पूरी औरत कौन बदलता है?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. मी नाही हसले.

पुढच्या बुधवारी सुनावणी. तोवर ही एकच बाई आहे हे दाखवायचं. नाही दाखवलं तर जागा हर्षिताची.


४ नोव्हेंबर, मंगळवार

उत्कर्ष म्हणतो, "छोड़ ना आजी. सरकारी काम आहे, नाही होत."

त्याचं सगळंच 'नाही होत'. मालनपूरच्या फॅक्टरीत एक पाळी बंद झाली तेव्हापासून घरी आहे. पलंगावर आडवा, मोबाइल छातीवर. नोकरीसाठी कुठे दरखास्त दिलीस का विचारलं की, "देख रहा हूँ." काय बघतो ते मलाही दिसतं – माणसं नाचतात त्यात.

याचे आई-बाप कोरोनात गेले, म्हणून मी याला फार बोलत नाही. तरी बोलते.

घर माझ्या पेन्शनवर चाललंय. आमचे 'हे' पलटणीत होते, त्यांची पेन्शन. मी डोळे मिटले की तीही मिटली. आणि मी काही अमरपट्टा बांधून आले नाही. गुडघे गेले, एका डोळ्यात मोती आलाय, पुढचं काय जाईल ते जाईल. म्हणून ती जागा पाहिजे. शौक म्हणून नाही. माझ्यामागे या घरात चूल पेटावी म्हणून.

हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "क्या आजी, सुबह-सुबह मरने की बात!"

मग काय, संध्याकाळी करू?


५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमेची सुट्टी. सरकार झोपलं. मी मटार सोलले आणि बाबूच्या सात पिढ्या आठवल्या.


६ नोव्हेंबर, गुरुवार

कचहरीत गेलो. झाडाखाली नोटरी बसतो, टाइपवाला त्याच्या शेजारी. शपथपत्र केलं – तन्वी आणि गरिमा ही एकच महिला. "गवाह?" म्हणाला. उषाताईंना आधीच बरोबर घेतलं होतं. शेजारच्या. शाळेत मास्तरीण होत्या, अजून चालतात तशाच, जणू मागून वर्ग येतोय.

सही करता करता म्हणाल्या, "आमच्यात हल्ली नाव बदलत नाहीत हो, शामलाबाई. मी सुनेला विचारलं, ती नको म्हणाली. मी म्हटलं, राहू दे."

मी म्हटलं, "तुमची सून चहाला तरी विचारते का तुम्हाला?"

सही मात्र नीट केली. अक्षर सुंदर आहे बाईंचं, ते म्हणायला पाहिजे.

मग बाड्यावर, बाजारात, पेपरच्या ऑफिसात. पेपरात जाहीर सूचना द्यायची होती. खिडकीतल्या पोरानं विचारलं, "पुराना नाम? नया नाम?" मी दोन्ही सांगितली. गरिमा मागे उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी म्हटलं, अगं तूही तोंड उघड, काम तुझं आहे. म्हणाली, "तुम्ही सांगताय ना, आजी."

बरी आहे पोर. उलटून बोलत नाही.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

नोटरी चालत नाही! पेपर चालत नाही! "अम्मा, ये तो आप खुद कह रही हैं. शादी का कुछ लाइए जिसमें दोनों नाम हों."

लग्नाची पत्रिका काढली. तीत नुसती तन्वी – पत्रिका लग्नाआधी छापतात. मॅरेज सर्टिफिकेट काढलं. त्यात नुसती गरिमा – ते आम्ही नंतर केलं. म्हणजे मांडवाच्या अलीकडे तन्वी, पलीकडे गरिमा, आणि मधे फक्त ते एक ताट. आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत गेले. सगळ्यांनी खाल्ले. जगदाळ्यांकडच्यांनी दोनदा वाढून घेतले.

बाबूनं मग चष्मा काढला, पुसला, आणि मोठ्या उपकाराच्या आवाजात म्हणाला, "सीधा रास्ता बताऊँ? आधार में वापस पुराना नाम करवा लो. झंझट खतम."

मी म्हटलं, तुझ्या झंझटीसाठी मी माझ्या घरातल्या बाईचं नाव पुसू? नाव मी ठेवलंय. रीतसर, चारचौघांत, देवक बसवून. हे घर तुझ्या आधीचं आहे, तुझ्या टेबलाच्या आधीचं आहे. नाही पुसणार!

बाहेर आल्यावर गरिमा म्हणाली, "आजी, ते सोपं होतं."

मी म्हटलं, सोपं आहे म्हणून करायचं असतं का?

मला माहेरी लीला म्हणत. सासूबाईंनी शामला केलं. एका दुपारी केलं, संध्याकाळी मी शामला म्हणून पाणी भरत होते. मला कुठे काय झालं? आमच्या वेळी बाईच्या नावाचा कागदच नव्हता, म्हणून भांडणही नव्हतं. ही आजकालची कागदांची नाटकं. नावाचा काय दोष.


९ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! लग्नाचा व्हिडिओ! कपाटात, शालूच्या घडीत, पेनड्राइव्हच्या त्या बोटभर काडीत. उत्कर्षनं उठून मोबाइलमधे घातला – दोनदा सांगितल्यावर उठला हे विशेष. ताट दिसतं, तांदूळ दिसतात, अंगठी दिसते. आता बोल म्हणावं बाबूला.


१० नोव्हेंबर, सोमवार

आज त्या ऑफिसात लग्न झालं पुन्हा.

बाबूसमोर मोबाइल ठेवला. पुढे सरकवा म्हटलं तरी तो सरकवेना. आधी वरात बघितली. उत्कर्षचे दोस्त नाचत होते, एक तर घोड्याच्या पायात जाता जाता वाचला, ते शिपाई बोलावून त्याला दाखवलं. मग पंगत. "ये लंबी-लंबी रोटी क्या है अम्मा?" पुरणपोळी आहे रे, घडी घातलेली. मग शेजारच्या टेबलावरची बाई आली, दागिने बघायला. सगळं ऑफिस जमलं. बाहेर लोक लाइनीत उभे, आत माझ्या घरचं लग्न चाललेलं.

शेवटी ताट आलं. उत्कर्षनं अंगठी धरली. पहिलं अक्षर काढलं, 'ग'. चांगला ठळक. आणि तेवढ्यात त्या मुडद्या व्हिडिओवाल्यानं कॅमेरा फिरवला – जगदाळ्यांचे मामा पेढा खाताना! पुरा पेढा खाईपर्यंत तिथेच!

परत ताटावर आला तोवर तांदूळ सारखे केलेले.

"अम्मा," बाबू म्हणतो, "ये तो सिर्फ ग है. ग से गीता भी होती है, गायत्री भी."

मी म्हटलं, गधा भी होता है.

शिपाई इतका हसला की त्याला पाणी दिलं.

मग पुढचं ऐकवलं. त्यात सगळे तिला हाका मारताहेत – "गरिमा, इकडे बघ! गरिमा, वर बघ!" ही बसलीय ताटाकडे बघत. मुंडावळ्या हलतात तेवढ्याच. पुन्हा हाक. पुन्हा तशीच. शेवटी कुणी तरी कोपरानं ढोसलं, तेव्हा वर बघितलं.

बाबूचं बोट त्यावर. "देखिए अम्मा. बुला रहे हैं, ये देख ही नहीं रही. इसका नाम होता तो देखती."

मी म्हटलं, नवी नवरी आहे, दिवसभर उपाशी आहे, तुझ्यासारखी खुर्चीत नाही बसलेली. म्हणाला, "ठीक है, बुधवार को मैडम को दिखाइए."

घरी येताना गरिमाला म्हटलं, तू का नाही गं बघितलंस? म्हणाली, "लक्षात नाही, आजी." स्कूटी जोरात चालवली आज तिनं. किला गेटच्या पोरांसारखी.


१२ नोव्हेंबर, बुधवार

जिंकलो. आणि मी बोलत नाहीये.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम नव्या आहेत, वयानं गरिमापेक्षा थोड्याच मोठ्या. हर्षिता काकाबरोबर आली होती. बारीक पोर. चपलेचा अंगठा तुटलेला, सेफ्टीपिननं अडकवलेला. तिलाही पोट आहे, मला दिसतं. पण मार्क आमचे जास्त.

मी पिशवी उघडली – शपथपत्र, पेपर, पत्रिका, मोबाइल. मॅडमनी हात वर केला. "अम्माजी, इसकी जरूरत नहीं. मैंने शिवपुरी में स्कूल को इसकी फोटो भेज दी थी. वहाँ की प्रिंसिपल ने पहचान लिया. लिखकर भी भेज दिया."

झालं! एवढंच! एक फोटो! आणि मी आठवडाभर कचहरी, बाडा, ऑफिस करत गुडघे झिजवले! बाबूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. तिथे पंखाही नव्हता.

आपत्ती खारीज. काकानं तोंड वाकडं केलं. हर्षितानं हिला मान हलवून दाखवली, का ते तिलाच ठाऊक.

मग मॅडम म्हणाल्या, "नियुक्ति में एक ही नाम जाएगा. जो आज लिखवाओगी, आगे वही चलेगा. दूसरे वाले कागज बाद में बदलवा लेना. बोलो, क्या लिखूँ?"

मी म्हटलं, "गरिमा."

मॅडम म्हणाल्या, "अम्माजी, आप बैठिए. मैं इनसे पूछ रही हूँ."

आणि ती म्हणाली, "तन्वी."

अडखळली नाही. ओढणीला हात नाही लावला. "तन्वी भोइटे. सरनेम यही रहेगा, मैडम. नाम तन्वी."

मी ज्या नावासाठी साऱ्या ऑफिसाशी भांडले, ते हिनं दोन अक्षरांत खाली ठेवलं. माझ्यासमोर. त्या बाबूसमोर!

स्कूटीवर तिच्या खांद्याला न धरता बसले. कंपूच्या वळणावर खड्डा आला, पडता पडता वाचले. मग धरलं. पण बोलले नाही.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा आणून ठेवला तिनं. निघाली. मी म्हटलं, थांब.

एवढं मनात होतं तर चार वर्षं बोलली का नाहीस?

म्हणाली, "कोणी विचारलंच नाही, आजी. मॅडमनी विचारलं."

मी म्हटलं, मग मला एवढं पळवलं कशाला? त्या दिवशी बाबू म्हणाला होता आधार बदला, तेव्हाच सांगायचं.

"सांगितलं होतं. सोपं आहे म्हटलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

चहा चांगला होता. तसं तिला सांगितलं नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार

उत्कर्षला आज कळलं. मी सांगितलं नव्हतं, तिनंच सांगितलं. पलंगावरून उठून बसला, इतका झटकन की मोबाइल खाली पडला.

"मैंने लिखा था वो नाम! मेरे हाथ से! लोक काय म्हणतील – बीवी ने नाम फेंक दिया?"

ती म्हणाली, "फेंका नहीं. तुझं आडनाव ठेवलंय."

"एहसान किया?"

मी आतून ओरडले, भांडायचं तर मराठीत भांडा, मला अर्धं कळत नाही! खोटंच. सगळं कळत होतं.

मग माझ्याकडे आला. "आजी, तूच सांग तिला. तू ठेवलं होतंस ना नाव."

मी म्हटलं, मी तिच्याशी बोलत नाहीये. आणि तुझ्याशीही नाही. तू आधी दरखास्त दे कुठे तरी, मग नाक वर कर.

म्हणाला, "नाक ही तो कटी है."

तसं नाक आहे त्याचं मोठं. आजोबांवर गेलंय. थोडं कापलं तर चालेल.


१७ नोव्हेंबर, सोमवार

तिला हाक काय मारायची हा एक प्रश्नच झालाय. गरिमा तोंडात येतं, मी गिळते. ते दुसरं तोंडात येत नाही. दिवसभर "ए, ऐक" आणि "अगं" यावर चाललंय. आज कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या, कारण मला हाकच सुचेना. डाळीची लापशी झाली. उत्कर्षनं खाल्ली. तिनंही खाल्ली. मीही.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

पक्की यादी लागली. पहिली तीच. ऑफिसातून फोन आला – आता एकच राहिलं, वॉर्डात खरंच राहते का ते बघायला माणूस घरी येईल. दारात विचारेल, लिहून नेईल. राहत नाही असं निघालं तर पुढच्या नंबरला जागा.

यात काय निघायचंय. चार वर्षं राहते इथे. गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

उषाताई अभिनंदन करायला आल्या, तिळाच्या गजकची पुडी घेऊन. "काय मग, तन्वी मॅडम!" म्हणाल्या तिला. सरळ, अडखळल्याशिवाय. यांना कसं जमतं! ती हसली. हिला इतके दात आहेत हे मला माहीत नव्हतं.

गजक चांगली होती. दाढेला चिकटली.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मी डोळे दाखवायला गेले होते, मला घेऊन तीच गेली होती. मागे तो माणूस आला. दारात उत्कर्ष. "तन्वी भोइटे यहीं रहती हैं?" विचारलं. यानं सांगितलं – "यहाँ कोई तन्वी नहीं रहती."

त्यानं तसं लिहून नेलं.

जेवताना उत्कर्षनं स्वतःच सांगितलं. हसत! "झूठ क्या बोला, आजी? या घरात गरिमा राहते. तूच ठेवलंस ना नाव." ती पोळी लाटत होती. लाटणं ठेवलं, गॅस बंद केला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. रागावल्या. पण माणूस सोमवारी पुन्हा पाठवते म्हणाल्या, एकदाच. त्यानंतर त्यांच्याही हातात नाही.

म्हणून हे लिहिते, आणि आता बाहेरच्या खोलीत जाऊन सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. सोमवारी कडी वाजली की मी उठणार नाही. तन्वीनं उठायचं नाही. उषाताईंनी गॅलरीतून बोलायचं नाही. दार उत्कर्षनं उघडायचं. तन्वी भोइटे इथेच राहते, माझी बायको आहे – हे त्याच तोंडानं, गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचं. या घरात तन्वी कोण म्हणून यापुढे कुणीही विचारलं, तरी जवाब त्यानंच द्यायचा.